हात पोचत नाही तिथं

कागदावर डॉक्टरांनी ‘नोटॅल्जिया’ लिहिलं होतं आणि मी ‘नॉस्टॅल्जिया’ वाचलं.

एप्रिलमधली दुपार, तीनचा सुमार. त्या वेळेला सोलापुरात रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. शटर अर्धं ओढून मी बिलं लावत बसलो होतो. पासष्टीचे एक अण्णा समोर येऊन उभे राहिले. उभी हयात चादरीच्या मागावर गेलेली, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. मागाच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढलेला माणूस हळू बोलायचं विसरून जातो. “काय लिवलंय बगा की ओ,” म्हणत त्यांनी कातडीच्या डॉक्टरांचा कागद काउंटरवर ठेवला. दोन वर्षं झाली, डाव्या फऱ्याखाली एकाच जागी खाज सुटते, मधूनच आग होते. पुरळ नाही, चट्टा नाही, काही दिसत नाही.

नॉस्टॅल्जियावर मलम? मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मधला ‘एस’ नव्हता, आणि ती डॉक्टरांची चूकही नव्हती. ग्रीक भाषेत ‘नोटॉन’ म्हणजे पाठ आणि ‘अल्गॉस’ म्हणजे दुखणं. नोटॅल्जिया म्हणजे पाठीचं दुखणं. पाठीच्या कण्यातून निघणारी एखादी नस वाटेत दबली, चिडली की फऱ्यापाशी अशी खाज सुटते. नॉस्टॅल्जियातला ‘नॉस्टॉस’ वेगळा. त्याचा अर्थ घरी परतणं. शेपूट मात्र दोन्हीकडं तेच, अल्गॉसचं.

या शेपटाशी माझी ओळख जुनी आहे. आमचं मेडिकल शहराच्या पूर्व भागात. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली पद्मशाली घरं, गल्लीगल्लीत यंत्रमाग, ओट्या-ओट्यावर मांडीत सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. इथं दुखणं चार भाषांत येतं. मराठीत डोकं दुखतं, आणि अस्सल सोलापुरीत ‘दुखूलालंय’. तेलुगूत ‘तलनोप्पी’ असते, कन्नडात ‘तलेनोवु’, आणि उर्दू बोलणारे चाचा ‘सर में दर्द’ म्हणतात. प्रत्येकाची रीत एकच आहे, आधी जागेचं नाव घ्यायचं आणि मग दुखण्याचं. डॉक्टरांच्या कागदावरची पाचवी भाषाही तेच करते. ग्रीकमध्ये डोकं म्हणजे ‘केफाले’, म्हणून डोकेदुखी झाली ‘सेफॅलॅल्जिया’. कान म्हणजे ‘ऊस’, त्याचं रूप ‘ओटॉस’, म्हणून कानदुखी ‘ओटॅल्जिया’. शब्द जड वाटतो, पण फोडला की आत आपलंच वाक्य निघतं.

हे मला पहिल्यांदा कळलं ते आईच्या कागदामुळं.

आई विड्या वळायची. दिवसाला हजार. सकाळी पान भिजवायचं, पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, मग मांडी घालून बसायचं ते दिवेलागणीपर्यंत. मी नववीत असताना तिची बोटं आणि गुडघे धरले. दवाखान्यात तिच्या कागदावर ‘आर्थ्रॅल्जिया’ लिहून आलं. तिनं तो कागद देवाच्या फोटोमागं ठेवला आणि शेजारणींना सांगू लागली, “मला आरथरालजिया झालाय.” सांगताना तिच्या आवाजात भीती असायची. कॅन्सरसारखंच काहीतरी नाव वाटायचं ना ते. रात्री ती अप्पांना हळूच विचारायची, “ह्यातनं माणूस उठतं का हो?”

पुढं डी. फार्मसीला गेलो, तेव्हा ग्रंथालयात एका जाड कोशात मी तो शब्द शोधला. ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा. आईनं डॉक्टरांना सांगितलं होतं, सांधे दुखतात. डॉक्टरांनी लिहिलं होतं, सांधे दुखतात. का दुखतात याबद्दल त्या शब्दात अक्षर नव्हतं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. घरी येऊन तिला सगळं समजावलं. ती सुपातल्या विड्या बांधत होती. जरा वेळानं म्हणाली, “म्हणजे माझंच मला परत दिलं की.” मी हो म्हटलं. पुन्हा थोडा वेळ गेला. “पण लिहून तर घेतलं ना त्यांनी,” ती म्हणाली. “घरात कोण लिहून घेतंय?”

त्या वाक्यानंतर माझा राग ओसरला. आणि दुकान सुरू केलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली. लोक दुखणं सांगताना जो शब्द वापरतात तो जसाच्या तसा त्यात लिहायचा. नाव-गाव नाही, फक्त शब्द. आता अशा चार वह्या झाल्यात.

त्या वह्या चाळताना एक गोष्ट लक्षात येते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ग्रीक शब्द दुखण्याची जागा सांगतो, दुखण्याची जात सांगत नाही. आपल्या लोकांच्या तोंडी जातच आधी येते. गळू ठसठसतं, दाढ ठणकते, कंबरेत चमक भरते, पाठीत उसण भरते, पोटात कळ येते किंवा मुरडा येतो, डोळे चुरचुरतात, खरचटलेलं हुळहुळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, दंडाला रग लागते, तळपायाची आग होते, पायाला मुंग्या येतात, हाडं कडकडतात, अंग मोडून येतं. आणि बाळंतपणाच्या त्या वेणा. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. एका विडी कामगार अक्कांनी मला सांगितलं होतं, “दुखत न्हाई ओ, ठुसठुसतंय.” दुखत नाही! तिच्या लेखी ठुसठुसणं हे दुखण्यात धरायचंच नव्हतं. कागदावर मात्र दोन्हीला ‘अल्जिया’च लागतं आणि ठणक, कळ, चमक, ठुसठूस सगळी एका खुंटीला टांगली जातात. डॉक्टरांनी मूळ शब्दही बाजूला लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. नसेची कळ आणि स्नायूची रग यांची औषधं वेगळी असतात. बाई ‘चमकतंय’ म्हणाली की ‘रग लागलीय’, यावरून निम्मं निदान होतं.

आयुर्वेदानं जागेचीच रीत धरली, पण शेपूट अणकुचीदार निवडलं. शिरःशूल, कर्णशूल, दंतशूल, कटिशूल. शूळ म्हणजे टोकदार हत्यार, शंकराच्या त्रिशुळातला तोच. मराठीनं तो शूळ पोटातून काढून मनात नेऊन ठेवला. शेजाऱ्यानं गाडी घेतली की आपल्याला पोटशूळ उठतो.

शरीराच्या भागांना नावं देताना माणसं काय काय बघतात, हा या शब्दांतला मला सगळ्यात आवडणारा भाग. स्नायूंचं दुखणं म्हणजे ‘मायॅल्जिया’. तापाच्या साथीत दर दुसऱ्या कागदावर असतो. त्यातला ‘मूस’ म्हणजे स्नायू, आणि ग्रीकमध्ये ‘मूस’ म्हणजे उंदीरही. कातडीखाली स्नायू हलताना त्यांना तिथं उंदीर पळताना दिसला. लॅटिनमध्येही तेच घडलं, ‘मस्क्युलस’ म्हणजे छोटा उंदीर, त्यातून इंग्रजीतला मसल. संस्कृतातला मूषक त्याच कुळातला. आता आपली पोरं दंड वाकवून काय दाखवतात? बेटकुळी. कुणी बेडकुळी म्हणतं, आणि त्यात बेडूक सरळ दिसतो. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. दिवसभर बसून काम करणाऱ्यांचं आणखी एक दुखणं आहे, पाठीच्या कण्याच्या अगदी टोकाचं. ते ‘कॉक्सिगॅल्जिया’. ‘कोक्किक्स’ म्हणजे कोकिळेच्या कुळातला कुक्कू पक्षी. ते हाड त्याच्या चोचीसारखं बाकदार आहे म्हणून हे नाव. आपण त्याला माकडहाड म्हणतो. ग्रीकांनी तिथं चोच पाहिली आणि आपण गळून गेलेली शेपटी. विड्या वळणाऱ्या बायकांना मी हे सांगतो तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसतात, आणि हसताना त्यांना तेवढा वेळ सरळ बसता येतं.

काही शब्दांत तर परदेश असा नसतोच. दातदुखी ‘ओडॉन्टॅल्जिया’, आणि त्यातलं ‘ओडॉन्ट’ व आपलं ‘दंत’ सख्खी भावंडं. गुडघेदुखी ‘गोनॅल्जिया’. ग्रीक ‘गोनू’, संस्कृत ‘जानु’. आजानुबाहू म्हणताना आपण ज्या गुडघ्यापर्यंत हात पोचवतो, तोच हा. वेदनाशामकाच्या पाकिटावर ‘अ‍ॅनाल्जेसिक’ छापलेलं असतं. त्याच्या सुरुवातीचा ‘अन्’ म्हणजे अनंत-अनादीमधला आपला ‘अन्’, नाही, नसलेलं. आणि अर्धशिशी! हिला अल्जियाचं शेपूट नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रीक ‘हेमिक्रानिया’ म्हणजे अर्धी कवटी. तो शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये जाताना झिजला आणि त्याचा ‘मायग्रेन’ झाला. अर्धशिशी म्हणजे अर्धं शीर्ष. पोरं म्हणतात, “काका, अर्धशिशी नाही, मायग्रेन आहे.” अरे बाळा, दोन्ही एकच की.

छातीत जळजळ होते त्याला जुन्या पुस्तकांत ‘कार्डिअ‍ॅल्जिया’ म्हणायचे. ‘कार्डिया’ म्हणजे हृदय, पण जठराच्या वरच्या तोंडालाही ग्रीक लोक तेच म्हणत. हृदय आणि पित्त यांची ही गल्लत अडीच हजार वर्षांत मिटलेली नाही. काउंटरवर कुणी छातीत जळजळतंय म्हणून गोळी मागितली आणि सोबत घाम, डावा हात, जबडा असं काही बोललं, तर मी गोळी देत नाही, रिक्षा बोलावतो.

न्यूरॅल्जियाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं.

‘न्यूरॉन’ म्हटलं की आज आपल्याला मेंदूतली पेशी आठवते. पण मूळ ग्रीकमध्ये ‘न्यूरॉन’ म्हणजे ताठ दोरी: स्नायूबंध, धनुष्याची प्रत्यंचा, वाद्याची तार. पुढं शरीर उघडून पाहणाऱ्यांना आत तशाच पांढऱ्या दोऱ्या दिसल्या आणि नाव त्यांच्याकडं गेलं. आमच्या भागात सुताच्या धाग्याला कुणी धागा म्हणत नाही, तार म्हणतात. तार तुटली, तार जोडली, तारा भरल्या. काही वर्षांपूर्वी एक वयस्कर विणकर यायचे. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला वीज चमकल्यासारखी कळ. घास चावला की, दाढी करायला हात लावला की, कधी तर पंख्याचं वारं लागलं तरी. दोन दाढा काढून झाल्या होत्या, दुखणं तिथंच. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी ‘ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया’ लिहिलं आणि कार्बामाझेपिन दिलं. पाकीट घेऊन ते दुसऱ्या दिवशी परत आले, चेहरा उतरलेला. कुणीतरी सांगितलं होतं, हे फिटचं औषध आहे. मी त्यांना बसवलं. म्हटलं, मामा, फिटमध्येही नसा नको तेव्हा पेटतात आणि तुमच्या गालातली नसही नको तेव्हा पेटते, हे औषध तिला गप्प बसवतं. त्यांनी ऐकलं. मग स्वतःच म्हणाले, “म्हणजे ताण जास्त झालाय तारंवर. ताण कमी केला की तार तुटत न्हाई.” हा माणूस कधी शाळेत गेला नव्हता. ग्रीकांनी त्या दोरीला न्यूरॉन का म्हटलं, हे मला त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं कोशात वाचून कळलं नव्हतं.

ग्रीक शेपटाचा एक शब्द जातही सांगतो, म्हणून मला तो जवळचा. ‘कॉझॅल्जिया’. ‘काउसॉस’ म्हणजे दाह, भाजून काढणारी उष्णता. अमेरिकेच्या यादवी युद्धात गोळी लागून नसा जखमी झालेले सैनिक सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांकडं यायचे. जखम भरून यायची, आणि हात मात्र भाजल्यासारखा पेटलेला. ते सैनिक तो हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. मिचेल यांनी त्यांचं म्हणणं नीट ऐकलं आणि दुखण्याला जागेऐवजी आगीचं नाव दिलं. माझ्या वहीत त्याला शब्द आहे, भगभगणं.

आता त्या ‘एस’कडं येतो.

नॉस्टॅल्जिया हा शब्द प्राचीन ग्रीकांना ठाऊक नव्हता. सुटे तुकडे त्यांचे, जोडणी १६८८ सालची. बाझेल विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं वैद्यकीचा प्रबंध लिहिला. विषय होता एक रोग. बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक तरुण झुरत चालला, ताप, धडधड, खाणं बंद. घरी न्यायला गाडीत घातलं आणि वाटेतच तो सुधारू लागला. खेड्यातली एक मुलगी पडून जखमी झाली, तिला दवाखान्यात ठेवलं, तर ती औषध घेईना, जेवेना. एकच घोष, मला घरी जायचंय. स्वित्झर्लंडमधल्या लोकांकडं या दुखण्याला शब्द होता, ‘हाइमवे’. ‘हाइम’ म्हणजे घर आणि ‘वे’ म्हणजे दुखणं. पण डॉक्टरांच्या पोथीत तो नव्हता. म्हणून होफरनं त्याला ग्रीक कपडे चढवले. ‘फिलोपॅट्रिडोमॅनिया’ असंही एक नाव त्यानं सुचवून पाहिलं होतं, पण टिकला तो नॉस्टॅल्जिया. आईच्या आर्थ्रॅल्जियाचं जे झालं तेच हे. माणसं बोलत होती, शिकलेल्यानं ते लिहून घेतलं. फरक एवढाच, की होफरनं उपायही सरळ लिहिला: औषधांनी गुण आला नाही तर रोगी कितीही अशक्त असो, त्याला घरी पोचवा.

पुढं झुरिचच्या शॉयख्त्सर नावाच्या विद्वानानं यावर हवेच्या दाबाचा सिद्धांत मांडला. डोंगरावरचे स्विस सैनिक सखल देशात नोकरीला गेले की तिथली जड हवा त्यांना दाबते, म्हणे. त्यांना टेकडीवर नाहीतर उंच मनोऱ्यात ठेवा. तेव्हा हा खराखुरा रोग होता. अमेरिकेच्या त्याच यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याच्या दप्तरात नॉस्टॅल्जियाच्या ५,०००हून अधिक नोंदी आहेत, आणि त्यानं मरण आल्याच्याही.

मराठीत आपण त्याचं ‘स्मरणरंजन’ केलं. हा शब्द मला पटत नाही आणि पटणारही नाही. ज्यानं कुणी घडवला त्यानं चांगल्या मनानंच घडवला असेल, पण त्यात अल्गॉस कुठं आहे? दुखणं काढून तिथं रंजन ठेवलं. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, गोळ्या-बिस्किटांच्या जुन्या जाहिराती, शाळेचा ग्रुप; तिथं तो शब्द चालेल. ‘गतकातरता’ त्यापेक्षा खूप बरा, त्यात निदान काळीज कातरतं. पण खरा शब्द आपण रोज वापरतो आणि तो भाषांतराच्या कामाचा आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. करमत नाही.

अप्पांना करमत नव्हतं. ते मिलमध्ये सूतखात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा मी नुकतं दुकान टाकलं होतं. ज्यांनी मिलचे भोंगे ऐकलेत त्यांना सांगायला नको. या शहराची घड्याळं भोंग्यावर लागायची, दूधवाला भोंग्यावर यायचा, आई भोंग्यावर भाकरी थापायला बसायची. मिल थांबली आणि भोंगाही थांबला. अप्पा तरीही पहाटे उठायचे. अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, डबा नसलेली पिशवी खुंटीवरून काढून परत खुंटीला लावायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे. मग आईला विचारायचे, “भोंगा झाला का?” आई पहिल्यांदा नाही म्हणायची. काही महिन्यांनी ती “झाला” म्हणायला लागली, तेव्हा ते आत येऊन चहा घ्यायचे. काय होतंय विचारलं की एकच, “काही नाही, करमत नाही.” डॉक्टरांनी अशक्तपणा लिहिला. मी रोज रात्री दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची गोळी न्यायचो आणि ते मला बरं वाटावं म्हणून ती घ्यायचे.

ते घरातच होते. त्याच खोलीत, त्याच ओट्यावर. होफरचा नॉस्टॅल्जिया त्यांना लागू पडत नव्हता, कारण परतायचं कुठं? त्यासाठी शब्द आला तो २००३ साली, ऑस्ट्रेलियात. तिथल्या हंटर खोऱ्यात उघड्या खाणींनी कोळसा काढायला डोंगर-कुरणं पोखरली. लोक हलले नव्हते, त्यांच्या भोवतीचं गावच गेलं होतं. ग्लेन अल्ब्रेक्ट या पर्यावरणाच्या तत्त्वज्ञानं त्यांच्या दुखण्याला ‘सोलॅस्टॅल्जिया’ म्हटलं. लॅटिनमधला दिलासा आणि ग्रीकमधलं दुखणं एकत्र बांधून केलेला शब्द: घरी असताना लागलेली घराची ओढ. तो वाचला तेव्हा अप्पा जाऊन काही वर्षं झाली होती. मी वहीत त्या दिवशीच्या तारखेला तो शब्द लिहिला आणि पुढं ‘अप्पा’ लिहिलं. नाव लिहायचं नाही हा नियम तेवढा एकदाच मोडला.

अल्गॉस मुळात मनाचंही होतं. होमरच्या दोन्ही महाकाव्यांच्या पहिल्या चार ओळींत त्याचं अनेकवचन ‘अल्गेआ’ येतं. इलियडमध्ये अकिलीसचा राग ग्रीकांवर अगणित अल्गेआ लादतो. ओडिसीत समुद्रावर भरकटलेला ओडिसियस आपल्या काळजात पुष्कळ अल्गेआ सोसतो, आणि ती सगळी कथा त्याच्या नॉस्टॉसची, घरी पोचण्याची. आमच्या शहरात नॉस्टॉस म्हटलं की मला दुसरंच नाव आठवतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली इथं जन्मले, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे चौघे परत आले. कोटणीस तिथंच जखमी सैनिकांत राहिले आणि १९४२ साली तिथंच गेले. त्यांच्या घरावरून जाताना माझी पावलं अजून हळू होतात. त्या घरात कुणीतरी वाट बघितली असेल, त्या दुखण्याला काय नाव असेल, हे मला माझ्या चार वह्यांत सापडलेलं नाही.

त्या दुपारी अण्णांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. पाठीच्या नसेचं दुखणं आहे, जिवाला धोका नाही, एवढं सांगितलं. मलम कॅप्सेसिनचं होतं, म्हणजे मिरचीतलाच तिखटपणा. सुरुवातीला आग होईल, म्हटलं, डोळ्याला हात लावू नका, दिवसातून तीनदा चोळा. त्यांनी ट्यूब हातात धरली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, “लावणार कोण?”

मालकीण गेल्या वर्षी वारल्या. मुलगा पुण्याला, कंपनीत. सकाळ-संध्याकाळ शेजारचं पोरगं लावेल, पण दुपारी ते शाळेत असतं.

मी शटर आणखी थोडं खाली ओढलं. हाताला प्लॅस्टिकची पिशवी चढवली. अण्णांनी बनियन वर केली आणि काउंटर धरून वाकून उभे राहिले. पाठ रुंद होती, मणके दिसत होते, डाव्या फऱ्याखाली खाजवून खाजवून काळवंडलेला रुपयाएवढा डाग होता. ते आपला उजवा हात मागं वळवून जागा दाखवायला बघत होते आणि बोटं चार इंच अलीकडंच थांबत होती.

“जरा खाली,” ते म्हणाले. “अजून. आता आत, कण्याकडं. हां. तिथं.”